जुने कपडे : भांडीवाली की मोबाइल?



या उन्हाळ्यात आमच्या घरात एका चादरीवरून दोन दिवस अबोला होता. चादर काही भरजरी नव्हे, रोज अंथरायचीच, निळ्या फुलांची. तिच्यावरून भांडण कसे झाले ते आधी सांगतो, म्हणजे आजचा विषय आपोआप ध्यानात येईल.

परळच्या आमच्या खोलीचा पोटमाळा यंदा रिकामा करायला घेतला. चाळी पाडून इमारती उभ्या राहण्याची बोलणी आमच्या भागात किती वर्षे चालू आहेत ते आपण जाणताच. पण ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बी.डी.डी. चाळीतील पहिल्या ५५६ कुटुंबांना पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या आणि एकशे साठ फुटांच्या खोलीत जन्म काढलेल्या सगळ्यांनाच एकदम आवराआवरीची घाई सुटली. आमची चाळ बी.डी.डी.ची नव्हे. आमचा नंबर कधी लागेल ते मालकच जाणे! पण शेजारीण माळा आवरते म्हटल्यावर आपणही आवरायचा, ही चाळीची रीतच आहे.

माळ्यावरून एक ट्रंक आणि चार बोचकी खाली आली. थोरल्याच्या कॉलेजातल्या पँटी, धाकटीने दोनदा घालून टाकून दिलेले कुर्ते, आहेरात आलेल्या आणि घडीही न मोडलेल्या साड्या, सुनेने पहिल्या नोकरीच्या मुलाखतीसाठी घेतलेला काळा ब्लेझर, ह्यांचे गिरणीतले दोन खाकी सदरे. एवढे कपडे आपण घेतले तरी कधी, याचे आमचे आम्हालाच नवल वाटले. आमच्या सासूबाईंची सबंध आयुष्यातली लुगडी एका बोचक्यात बसली असती.

आम्ही सवयीने म्हणालो, "उद्या भांडीवाली येईल, तिला दाखवू."

सून म्हणाली, "आई, एवढे सगळे देऊन एक टोप मिळणार. मी मोबाइलवर टाकते. एकट्या ब्लेझरचेच हजार येतील."

तिने लगेच खिळ्याला हँगर अडकवून फोटो काढायला घेतले. आता खोली ती केवढी! कुठल्याही भिंतीकडे तोंड करा, बाबासाहेबांची नाही तर बुद्धांची तसबीर फोटोत येणारच. दोन फोटो काढल्यावर तिने ती निळी चादर दोरीवर टाकली आणि चादरीपुढे कपडे टांगले.

तेवढ्यात हे वाचनालयातून आले. चादर कशासाठी, असे त्यांनी विचारले. सून खरे बोलणारी आहे. म्हणाली, "बाबा, फोटोत भिंत दिसली की काही लोक पुढे बोलतच नाहीत. मला तीन कुर्ते विकायचे आहेत, वाद घालायचा नाही."

"कुर्ते विकायचे आहेत ना? मग भिंत कशाला झाकायची?" एवढे बोलून हे तसेच बाहेर गेले आणि रात्री जेवले नाहीत. आम्हाला दोघांचेही पटत होते, म्हणून आम्ही दोघांशीही बोललो नाही.

हे झाले चादरीचे. आता भांडीवालीकडे वळू.

दुपारी दोन-अडीचची वेळ, पुरुष कामावर, धुणी वाळत पडलेली, आणि जिन्यातून "कपड्यावर भांडीऽऽ" अशी हाक. गिरगावच्या वाड्यांपासून लालबागच्या चाळींपर्यंत ही हाक ज्याने ऐकली नाही तो मुंबईत राहिला असे आम्ही मानत नाही. पुस्तकी मराठीत हिला बोहारीण म्हणतात. या बाया बहुतेक करून वाघरी समाजाच्या, मूळच्या गुजरातकडच्या, पण पिढ्यान्‌पिढ्या मुंबईतच वाढलेल्या. डोक्यावर भांड्यांची पाटी आणि काखेला कपड्यांचे गाठोडे. आमच्या लहानपणी पाटीत जर्मनची भांडी असत, मग स्टील आले. आता प्लास्टिकचे टब आणि बादल्याच जास्त.

कापडाची पारख करावी तर तिनेच. सदरा उजेडाला धरून विरलेपण पाहते, काखेत हात घालते, पँटचे आसन चाचपते, चेन एकदा वर एकदा खाली ओढते. पँट तिला हवीच असते, कारण मजूर माणूस पँट विकत घेतो. जुन्या लुगड्याला खरी जर असली तर तिचे डोळे चमकतात, कारण ती जाळून चांदी काढणारे लोक आहेत. पांढरे सुती कितीही विटलेले असो, ती नाही म्हणत नाही. ते फाडून गॅरेजात आणि कारखान्यात हात पुसायला जाते. नायलॉनची साडी मात्र दोन बोटांनी बाजूला सारते. घरी नेऊन ती हे सगळे धुते, बटणे लावते, उसवलेले शिवते, इस्त्री फिरवते आणि पहाटेच्या जुन्या बाजारात विकायला जाते. आपण बायका कुरकुरतो की एवढ्या कपड्यांना एकच टोप! त्या टोपाच्या हिशेबात तिच्या या सगळ्या खटाटोपाची मजुरी धरलेली असते, हे आपण विसरतो.

आमची आत्या गिरगावात ठाकूरद्वारच्या बाजूला चार घरी धुणी-भांडी करीत असे. एका घरी दिवाळीला रोख पैशांऐवजी बाईंची उतरलेली साडी मिळे. "मला पैसेच द्या" असे म्हणण्याची सोय नव्हती. आत्या साडी घेई, चेहऱ्यावर काही दाखवीत नसे, पण ती साडी तिने कधी अंगाला लावली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी भांडीवालीची हाक आली की साडी तिच्या गाठोड्यात आणि टोप आत्याच्या फळीवर. पाच दिवाळ्यांचे पाच टोप झाले, एकात एक बसणारे. प्रत्येकावर तिने भांड्यांच्या दुकानात नाव घालून घेतले. नवऱ्याचे नव्हे, स्वतःचे. तिला सही येत नव्हती, पण पाच टोपांवर तिचे नाव होते. त्यातला सर्वांत मोठा आज आमच्याकडे आहे. १४ एप्रिलला त्यात खीर होते.

लहानपणी आम्ही तिला विचारले होते, "आत्या, चांगली साडी आहे, नेसत का नाहीस?" ती म्हणाली, "माझ्या आज्याने मढ्यावरचे कापड नेसून काढले. आपल्या घराला तेवढे पुरे झाले."

ज्यांना हे ठाऊक नाही अशा तरुण वाचकांसाठी थोडे सांगतो. गावगाड्यात मेलेले ढोर ओढण्याच्या कामाबरोबर मढ्यावरचे कापडही महाराच्या वाट्याला येई, आणि त्याला चक्क 'हक्क' म्हणत! मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी प्रेतांची वस्त्रे वापरावीत असे लिहूनच ठेवले आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला तो ग्रंथ जाळण्यात आला, आणि त्याच वेळी तेथे जमलेल्या आपल्या आज्या-पणज्यांना बाबासाहेबांनी लुगडे नेसण्याची पद्धत बदलण्यास आणि जात ओळखू येणारे दागिने टाकून देण्यास सांगितले. मुंबईच्या गिरण्यांत तरी वेगळे काय होते? धोट्यातला दोरा तोंडाने ओढावा लागे, म्हणून अस्पृश्य कामगाराला विणाई खात्यात घेत नसत. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला होता. कापडाची गोष्ट निघाली की आपल्या वडीलधाऱ्यांना राग का येतो, हे यावरून कळावे.

म्हणून काही जण म्हणतात की आपल्या माणसाने वापरलेले कापड घेऊच नये आणि देऊही नये. आम्हाला हे पटत नाही. भगवान बुद्धांचे भिक्खू स्मशानातल्या आणि उकिरड्यावरच्या चिंध्या वेचून, धुऊन, शिवून चीवर करीत. त्याला पांसुकूल म्हणतात. कापड तेच, स्मशानातलेच. परंतु भिक्खू ते आपण होऊन उचलीत आणि आमच्या पूर्वजांवर ते लादलेले होते.

विनयपिटकात कोसंबीच्या उदेन राजाची गोष्ट आहे. राजाच्या राण्यांनी भदंत आनंदांना पाचशे चीवरे दान केली. राजाला शंका आली, एवढ्या वस्त्रांचे हा भिक्खू काय करणार, दुकान घालणार की काय? त्याने जाऊन विचारले. आनंद म्हणाले, ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना ही वाटीन. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांची अंथरुणावर घालायची वस्त्रे होतील. जुन्या अंथरुणवस्त्रांचे? गाद्यांच्या खोळी. जुन्या खोळींचे? जमिनीवरची बसकरे. बसकरे जुनी झाली की पायपुसणी, पायपुसण्यांची धूळ झटकायची फडकी, आणि फडक्यांच्या चिंध्या कुटून चिखलात कालवून त्याने जमीन सारवू. राजा इतका खूश झाला की त्याने आणखी पाचशे चीवरे दिली. आपल्या घरातही लुगड्याची वाकळ, वाकळीचे पायपुसणे हेच चालत होते. आता मात्र वाकळ शिवायला ना कोणाला वेळ, ना ती ठेवायला जागा.

तर सुनेच्या मोबाइलचे काय झाले ते ऐका. तिने अकरा कपड्यांचे फोटो टाकले. चादर लावूनच. आठवड्यात पन्नासेक निरोप आले. "आहे का?" "शेवटचा भाव?" बहुतेकांची गाडी एवढ्यावरच थांबली. एका बाईने आहेरातली साडी सातशेला ठरवली आणि दादर स्टेशनबाहेर पुलाखाली यायला सांगितले. सून तासभर उभी राहिली. बाई आली नाही, फोनही उचलला नाही. तीच साडी पुढच्या आठवड्यात दुसऱ्या एका ताईंनी साडेपाचशे रोख मोजून नेली, आणि वर छान आहे म्हणून निरोपही पाठवला. एक कुर्ता पुण्याला कुरियरने गेला. दीडशेचा कुर्ता, ऐंशी रुपये कुरियर, आणि चार दिवसांनी तक्रार की रंग फोटोसारखा नाही. निळ्या चादरीपुढे हिरवा कुर्ता फोटोत निळाच दिसत होता, हे आम्ही आधीच सांगितले होते. असो.

ब्लेझरला एका गृहस्थाचा निरोप आला. बहिणीच्या मुलाखतीसाठी हवा होता. खांदा किती, बाही किती, अस्तर फाटले आहे का, सगळे विचारून झाले. आठशेला ठरले. पत्ता देता-घेता त्यांनी विचारले, "पूर्ण नाव काय तुमचे?" सुनेने पूर्ण नाव लिहिले. त्यानंतर त्यांच्याकडून अक्षर आले नाही.

कारण तेच होते असे आम्ही म्हणणार नाही. त्यांना दुसरीकडे स्वस्त मिळाला असेल, बहिणीची मुलाखत रद्द झाली असेल. पण सून त्या रात्री मोबाइल पालथा ठेवून बसली होती. ह्यांनी तिला पाहिले. अबोला सोडून तिच्या पुढ्यात चहाचा कप ठेवला, आणि तिने चादर का लावली होती ते त्यांना तेव्हा उमगले असावे. चादर लाव असे मात्र ते म्हणाले नाहीत आणि सुनेनेही ती पुन्हा लावली नाही. ब्लेझर भिंतीसकट फोटोत आहे आणि अजून कपाटातच आहे.

याहून वाईट आमच्या मजल्यावरच्या एका वहिनींचे झाले. मुलीची लग्नातली साडी त्यांनी अडीच हजाराला टाकली. एका माणसाचा फोन आला. आपण सैन्यात आहोत, बदली झाली आहे, बायकोसाठी साडी हवी, भाव करणार नाही! वहिनी हरखल्या. त्याने एक चौकोनी ठिपक्यांचे चित्र पाठवले आणि म्हणाला, हे स्कॅन करा आणि पिन टाका, पैसे तुमच्या खात्यात येतील. वहिनींनी पिन टाकला. पैसे आले नाहीत, खात्यातले चार हजार आठशे गेले. साडी घरातच राहिली.

भगिनींनो, हे कात्रण कापून मोबाइलजवळ ठेवा. मोबाइलवरून पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन म्हणजे आपल्या खिशातून पैसे बाहेर काढण्याची परवानगी. घेणारा कितीही गोड बोलो, सैनिकाचा गणवेश घातलेला फोटो दाखवो, पिन विचारला की फोन ठेवायचा. आणि फसलोच तर लाजून घरात बसायचे नाही. ताबडतोब १९३० या नंबरवर फोन करायचा. हा सरकारचा सायबर फसवणुकीचा मदतक्रमांक आहे. जितक्या लवकर कळवाल तितके पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त. वहिनींनी नवरा रागावेल म्हणून तीन दिवस कोणाला सांगितलेच नव्हते.

मोबाइलला सगळाच दोष देणे बरोबर नव्हे. एकदाच नेसलेली साडी, ब्लेझर, लहान मुलाचा लग्नातला पोशाख, अशा वस्तू भांडीवालीला देण्यात नुकसानच आहे. तेथे मोबाइलचा भाव चांगला. रोजच्या कुर्त्या-शर्टांचे मात्र गणित बसत नाही, कारण हिंदमाताला आणि स्टेशनच्या रस्त्यावर नवा कुर्ताच इतका स्वस्त झाला आहे की जुन्याला कोण किती देणार? त्यात कुरियर आणि आपला वेळ. आपला वेळ फुकट असतो असे समजून आपण बायका हिशेब करतो, ही जुनी खोड आहे.

आमच्या चाळीतली एक मुलगी इंग्लंडात परिचारिका आहे. तिच्याशी हा विषय निघाला तर ती म्हणाली, काकू, इथे रविवारी मैदानावर लोक आपापल्या मोटारी उभ्या करतात, डिकी उघडतात आणि घरातले जुने कपडे, खेळणी, कपबशा विकतात. जागेचे थोडे भाडे द्यायचे. उजाडायच्या आत घेणारे हजर. तिने मुलाचे लहान झालेले कपडे असेच काढले. आता मात्र तिच्या मैत्रिणी घरबसल्या मोबाइलवर विकतात. लिथुआनिया नावाच्या लहानशा देशात २००८ साली निघालेली व्हिंटेड नावाची सोय तिकडे घराघरांत पोचली आहे. आम्ही तिला विचारले, तुला कुठले बरे वाटते? म्हणाली, पैसे मोबाइलवर जरा जास्त मिळतात, पण मैदानावर मुलाचे जॅकेट दुसऱ्या मुलाच्या अंगावर चढलेले दिसते.

आम्हा कोणाकडे मोटार नाही, पण अंगण आहे. सुनेनेच डोके चालवले. चाळीतल्या नऊ बिऱ्हाडांनी मिळून एका रविवारी सकाळी अंगणात सतरंज्या टाकायच्या असे ठरले. रस्त्यावर बसायचा विचार आधी होता, पण तो सोडला. रेल्वे स्टेशनपासून दीडशे मीटरच्या आत फेरीवाल्यांना बसता येत नाही असे उच्च न्यायालयाने २०१७ सालीच सांगितले आहे, आणि जे पोटासाठी तेथे बसतात त्यांच्या जागेवर आपण हौसेने बसणे बरेही दिसत नाही. आधी आठवडाभर कपडे धुऊन उन्हात घातले. बटणे लावली. खिसे तपासले, त्यात एकाची दोन वर्षांपूर्वीची वीस रुपयांची नोट आणि एकीच्या नवऱ्याने लपवलेली तंबाखूची पुडी निघाली. आतले कपडे ठेवायचे नाहीत, कंपनीचे किंवा सुरक्षारक्षकाचे बिल्ला लावलेले गणवेश ठेवायचे नाहीत, हे ठरवून टाकले. शाळेचे गणवेशही नाही, ते चाळीतल्याच खालच्या वर्गातल्या मुलाला जातात. ६ डिसेंबरला नेसायच्या पांढऱ्या साड्या कोणी काढल्याच नाहीत. ह्यांचे खाकी सदरेही शेवटच्या क्षणी सतरंजीवरून परत वर गेले. गिरणी गेली, पण सदरे राहू द्या म्हणाले.

कोण आले होते विचाराल, तर आम्हाला वाटले होते त्यांपैकी कोणीच नाही. शेजारच्या नव्या इमारतीतल्या घरकाम करणाऱ्या बाया आल्या, बांधकामावरची बिहारी पोरे आली, दादरच्या फूलबाजारातून परतणाऱ्या दोघी-तिघी आल्या. आणि टाटा रुग्णालयाकडची माणसे आली. परळला राहणाऱ्यांना हे सांगायला नको. १९४१ पासून तेथे कर्करोगावर उपचार होतात आणि गावोगावचे रोगी व त्यांची माणसे आसपासच्या फुटपाथवर, धर्मशाळांत महिनोन्‌महिने काढतात. दोन कपड्यांच्या जोडावर आलेली असतात. इकडे मुक्काम लांबतो आणि रोग्याचे अंग उतरते, सगळे कपडे ढगळ होतात.

बुलढाण्याकडचे एक गृहस्थ पन्नाशीचे असतील. त्यांनी एकेक शर्ट उचलून बटणे पाहायला सुरुवात केली. आम्हाला वाटले चिकित्सा करताहेत. मग म्हणाले, "ताई, पुढून पूर्ण उघडणारा पाहिजे. पोराच्या छातीत नळी बसवली आहे, डोक्यातून घालायचा चालत नाही. आणि सुती द्या, घाम लय येतो." आम्ही सगळ्या बायका लागलो शोधायला. थोरल्याचे दोन सुती शर्ट निघाले, अर्ध्या बाह्यांचे. वहिनी म्हणाल्या, "दादा, न्या तसेच. पैसे कसले घ्यायचे?" आम्हीही मान डोलावली.

त्यांनी शर्ट परत सतरंजीवर ठेवले. "पाटी लावली आहे ना वीस-वीस रुपयांची? बाकीच्यांकडून घेतले ते मी पाहिले." खिशातून चाळीस रुपये काढून वहिनींच्या हातात दिले, मग शर्ट उचलले, घडी घातली आणि गेले.

आम्हाला आत्याचे टोप आठवले. इतकी वर्षे दिवाळीच्या उतरलेल्या साडीची गोष्ट आम्ही सगळ्यांना सांगत आलो आणि त्या सकाळी गिरगावच्या बाईंच्या जागी आम्हीच बसलो होतो! दिल्लीत १९९९ साली सुरू झालेल्या गूंज या संस्थेची रीत आम्हाला तेव्हा नीट समजली. शहरातले जुने कपडे ते खेड्यात नेतात, पण फुकट वाटत नाहीत. गावकरी आपल्याच गावची विहीर, बंधारा किंवा रस्ता दुरुस्त करतात आणि त्या कामाचा मोबदला म्हणून कपडे घेतात. ज्यांना आपले कपडे विकायचे नसतील त्यांनी अशा ठिकाणी जरूर द्यावेत.

साडेदहापर्यंत नऊ बिऱ्हाडांचे मिळून तीन हजार दोनशे साठ रुपये जमले. आमच्या वाट्याला चारशे दहा आले. मोबाइलवर सुनेला साडीचे साडेपाचशे आणि कुर्त्याचे, कुरियर वजा जाता, सत्तर मिळाले होते, पण त्यासाठी तिचे तीन आठवडे गेले. ती म्हणते अजून दोन साड्या मोबाइलवरच विकीन, आणि ते बरोबर आहे. ज्या निळ्या चादरीवरून भांडण झाले ती सतरंजी कमी पडली म्हणून अंगणात अंथरली होती. एका बाईने तिचाच भाव विचारला, पण दिली नाही.

उरलेले सगळे, म्हणजे जवळजवळ निम्मे, दुपारी भांडीवालीने नेले. तिला आम्ही मुद्दाम निरोप ठेवला होता. आमची अंगणातली दुकानदारी ऐकून ती रागावेल असे वाटले होते, पण ती हसली. म्हणाली, "चांगला माल तुम्ही काढला, फाटका माझ्याकडे. ठीक आहे, फाटक्याचंबी गिऱ्हाईक आहे." दोन टोप, एक टब आणि एक चहाची गाळणी, यावर तासभर घासाघीस झाली. गाळणी तिने वरची म्हणून दिली.

जाताना तिने विचारले, "तुमची पण बिल्डिंग होणार ना? मग मी कशी येऊ?" पलीकडच्या गल्लीत तिची वीस वर्षांची गिऱ्हाइके होती. चाळ पडली, तीच माणसे वरच्या मजल्यांवर राहायला आली, आणि आता फाटकावरचा सुरक्षारक्षक तिला आत सोडत नाही. तिची ओळख विचारतो, वर फोन लावतो, आणि वरून उत्तर येते की आम्ही कोणाला बोलावले नाही. ज्यांच्या घरात तिचेच टोप आहेत त्यांनी असे म्हणावे? तिने कोणाचे नाव घेतले नाही. आम्हाला मात्र त्यांतली दोन-तीन घरे ठाऊक आहेत, आपल्यातलीच आहेत.

आमच्या चाळ कमिटीची बिल्डरबरोबर पुढच्या महिन्यात बैठक आहे. त्या कागदांत एक कलम घालावे असा अर्ज आम्ही बायकांनी दिला आहे. नव्या इमारतीत महिन्यातून दोन दुपारी भांडीवालीला तळमजल्याच्या मोकळ्या जागेत बसू द्यावे आणि एका रविवारी रहिवाशांना सतरंज्या टाकू द्याव्यात, एवढेच त्यात लिहिले आहे. अर्जावर सतरा सह्या झाल्या आहेत. ह्यांची सर्वांत वर आहे. तळमजल्यावरच्या दोघांनी अजून केलेली नाही, विचार करून सांगतो म्हणाले.